जुना स्पीकर, नवा आवाज

सुटीत घरी गेलात की माळ्यावरचा जुना स्पीकर भंगारात देण्यापूर्वी तपासा. बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर सुटे भाग मिळतात. पण निदान आधी, खरेदी नंतर.

ॲम्प्लिफायर बंद करा, वूफरच्या तारा सोडवा आणि मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा वूफर साधारण ६ ओहम दाखवतो. काहीच आकडा आला नाही, तर कॉइल तुटली आहे. पडद्याच्या कडेचा फोम चुरत असेल, तर फक्त ती कड बदला.

हे सगळे ठीक असूनही आवाज दबका येतो? मग क्रॉसओव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळला असेल. त्यातूनच उंच स्वर ट्वीटरकडे जातात. तिथे तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा फिल्म कपॅसिटर लावा. जास्त मायक्रोफॅरडचा लावलात, तर खालचे स्वर शिरून ट्वीटर जळू शकतो. दोन्ही स्पीकरमध्ये सारखाच बदल करा.

शेवटी अधिक-उणे खुणा जुळवा. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या, तर दोन्हींचे पडदे एकमेकांविरुद्ध हलतात आणि खालचे स्वर विरतात. परेडमध्ये एकाचे पाऊल चुकले की रांग बिघडते, तसेच हे.