नोंदवहीकडून डेटाबेसकडे

ज्यांच्या पूर्वजांना अक्षर नाकारले गेले, त्यांच्या लेकरांच्या नोंदी वाळवीच्या स्वाधीन करणे आम्हांस मान्य नाही. म्हणून वसतिगृहाची नोंदवही आम्ही संगणकावर आणली. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत माहिती तक्त्यांत असते व सामाईक क्रमांकांनी तक्ते जोडले जातात.

पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये, निर्मितीचा अधिकार असलेल्या वापरकर्त्याने कमांड लाइनवर रोमन लिपीत 'क्रिएटडीबी वसतिगृह' लिहून एंटर दाबावे. काम फत्ते झाल्यास पडद्यावर काहीच उमटत नाही. 'पीएसक्यूएल वसतिगृह' लिहून आत जावे. 'क्रिएट टेबल'ने विद्यार्थ्यांचा तक्ता आखावा. आज्ञेअखेरचा अर्धविराम विसरू नये.

प्रत्येकास 'प्रायमरी की' म्हणून स्वतंत्र क्रमांक द्यावा. मग नावे सारखी असली तरी एकाची नोंद दुसऱ्यात मिसळत नाही. प्रत्येक लेकरू स्वतंत्रपणे मोजले जावे, एवढाच आमचा आग्रह आहे.