पथ्य आणि पोर

आपल्या मढ गावात चार-पाच वर्षांचे पोर सारखे पडू लागले, मांडीवर हात टेकून उठू लागले, की जो तो पथ्य सांगतो. कोणी म्हणतो मीठ तोडा, कोणी म्हणतो दूध-डाळ बंद करा. आशेपायी आपण तेही करतो.

या आजाराला मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणतात. तो जन्मतःच अंगात असतो. मुलांच्या नेहमीच्या प्रकारात स्नायू टिकवणारे 'डिस्ट्रॉफिन' अंगात तयार होत नाही. हे १९८७ साली समजले. तो पथ्याने बरा होत नाही. अर्धपोटी पोर उलट अधिक खंगते. यात आईचा दोष नाही, कुणाची करणीही नाही.

मग करावे काय? भाकरी, डाळ, भाजी, दूध द्यावे. वजन मात्र फार वाढू देऊ नये. सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय रोज हलके ताणावेत. हृदय व श्वास डॉक्टरांकडून वेळोवेळी तपासावा. चालू औषध एकदम तोडू नये. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हा आजार आहे; सरकारी दवाखान्यातून दाखला काढावा.

नीट काळजी घेतली, तर आज अशी कितीतरी मुले तिशी गाठतात. चालणे थांबले तरी शाळा थांबवू नये. पोराला आपण जेवू घालू, शिकवू.