शब्दकोडं भरलं, पण 'डेअर, डी, डास' कुठे राहिलं?

शाळेत किंवा अकरावीला जर्मन घेतलेल्या मुलांचे पालक एक प्रश्न नेहमी विचारतात. "इंटरनेटवरून शब्दकोडी काढून देतो, पोरगा दहा मिनिटांत भरून टाकतो. शब्द पाठ आहेत. मग परीक्षेत चार ओळींचं पत्र लिहिताना मार्क कुठे जातात?" प्रश्न रास्त आहे. शब्दकोडं हे साधन चांगलंच आहे, पण त्याच्या चौकटीत सगळी भाषा मावत नाही. काय मावतं आणि काय सुटतं, हे देणाऱ्याला माहीत हवं.

आधी काय मावतं ते बघू. आपल्या मराठी शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर, काना-मात्रेसकट. 'शाळा' दोन घरांत बसते. जर्मनमध्ये शाळेला 'शूले' म्हणतात. कानाला दोनच अक्षरं, पण घरं लागतात सहा: एस, सी, एच, यू, एल, ई. नुसत्या 'श'ला तीन घरं! इंग्रजीच्या सवयीने मूल एस-एच लिहितं आणि शेवटी एक घर रिकामं राहतं. 'डॉइच' या शब्दाला तर सात घरं. शिक्षकाने लाल पेनने दहा वेळा दुरुस्त करून जे लक्षात राहत नाही, ते हे एक रिकामं घर शिकवून जातं. चूक मुलाला स्वतःलाच सापडते, हा मोठा फायदा.

मात्र शब्द कुठे छेदायचे याचा विचार करावा. पक्षी म्हणजे 'फोगल', पण लिहायचा व्ही या अक्षराने. मुलं हमखास एफ लिहितात. हा शब्द तुम्ही 'फाटर' म्हणजे वडील या शब्दाशी पहिल्याच अक्षरावर छेदला, तर दोन्हीकडे एफ बसतो आणि चूक आरामात लपते. त्याऐवजी 'नोव्हेंबर' उभा घ्या आणि त्याच्या तिसऱ्या अक्षरावर 'फोगल' आडवा. नोव्हेंबरमध्ये एफ नसतो हे मुलाला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे ते तिथे अडतं आणि विचार करतं. तयार कोडी बनवणारी संगणकाची साधनं एवढा विचार करत नाहीत. म्हणून माझं मत, आठ-दहा शब्दांचं कोडं चौकटीच्या वहीवर हातानेच करावं.

एक रीत आधी सांगून ठेवावी. जर्मन शब्दकोड्यात डोक्यावर दोन टिंबं असलेली अक्षरं फोडून लिहितात: ए-ई, ओ-ई, यू-ई. 'ट्यूर' म्हणजे दार, त्याला कोड्यात चार घरं लागतात. वहीत लिहिताना मात्र टिंबं परत आली पाहिजेत. नामाचं पहिलं अक्षर मोठं काढायची सवयही कोड्यात लागत नाही, कारण तिथे सगळीच अक्षरं मोठी असतात.

आता त्या दहा मिनिटांबद्दल. बऱ्याच तयार कागदांवर खाली सगळे शब्द चौकोनात दिलेले असतात. मग मूल अर्थ आठवत नाही, घरं मोजतं. पाच घरं, पाच अक्षरी शब्द, झालं! कार्पिकी आणि रोडिगर या संशोधकांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द अर्थासह शिकवले. एकदा बरोबर आलेला शब्द काहींना पुन्हा पुन्हा आठवायला लावला, तर काहींना तो फक्त पुन्हा वाचायला दिला. आठवड्याने पहिल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले, दुसऱ्यांना साधारण एक तृतीयांश. प्रयोग शब्दकोड्यांचा नव्हता, पण मुद्दा तोच आहे. खालची शब्दपेटी कात्रीने कापून टाका. आणि आज शिकवलेले शब्द आजच्या कोड्यात नकोत, गेल्या आठवड्यातले घ्या.

आता जे सुटतं ते, आणि मार्क इथेच जातात. जर्मन नामाबरोबर त्याचं लिंग शिकावं लागतं: पुल्लिंगी 'डेअर', स्त्रीलिंगी 'डी', नपुंसकलिंगी 'डास' (चावणारा नव्हे!). कोड्यात नुसता 'टिश' भरला तरी घरं पूर्ण. पण "मी टेबल विकत घेतो" असं लिहायचं झालं, की टेबलासाठी 'आइनन टिश', दारासाठी 'आइने ट्यूर' आणि खिडकीसाठी 'आइन फेन्स्टर'. लिंग माहीत नसेल तर शब्द येऊनही वाक्य चुकतं.

मराठी मुलांना नपुंसकलिंग नवीन नाही, ही जमेची बाजू. पण लिंगं जुळत नाहीत. आपलं ते दार, त्यांची ती. आपली ती खिडकी, त्यांचं ते. आपला सूर्य तो, त्यांची 'झोन्ने' ती. मुलगी म्हणजे 'मेडशन', तर चक्क नपुंसकलिंगी! कारण शेवटी 'शन' हा लघुत्वाचा प्रत्यय आहे आणि तो लागलेलं प्रत्येक नाम 'डास'. मुलं हसतात, तेव्हा आपण लेकीला लाडाने "गुणाचं पोर ते" म्हणतो याची आठवण करून द्यावी.

यावर साधा उपाय रंगांचा. अनेक जर्मन वर्गांत 'डेअर' निळा, 'डी' लाल आणि 'डास' हिरवा धरतात. शब्द भरल्यावर त्याच्या घरांभोवती त्या रंगाची रेघ मारायची. अर्धा गुण शब्दाला, अर्धा रेघेला. आई-बाबांना जर्मन येत नसलं तरी उत्तरांचा कागद हातात घेऊन रंग तपासता येतात. कधी मुद्दाम 'झे' हा तीन घरांचा शब्द घालावा. 'डेअर झे' म्हणजे तळं आणि 'डी झे' म्हणजे समुद्र. शोधसूत्र तळ्याचं आणि रेघ लाल, तर मूल थेट समुद्रात!

पुढची पायरी मला सगळ्यात उपयोगी वाटते, ती म्हणजे शोधसूत्रं मुलांनीच लिहायची. चार सोप्या शब्दांत, जर्मनमध्ये. केळ्यासाठी "पिवळं आहे, माकडांना आवडतं" असं लिहायला घेतलं, की पहिल्याच शब्दाला प्रश्न उभा राहतो: 'एअर', 'झी' की 'एस'? म्हणजे तो, ती की ते? मराठीत ते केळं, म्हणून मूल 'एस' लिहितं. पण 'बनाने' स्त्रीलिंगी, तेव्हा 'झी इस्ट गेल्ब' हवं. असं सूत्र वाचून शेजारच्या बाकावरचा मुलगा 'डास' असलेलं पिवळं फळ शोधत बसतो, त्याला ते सापडत नाही, आणि मग दोघं मिळून शब्दकोश उघडतात.