जुन्या मशीनचा टाका बिघडला? स्क्रू फिरवण्याआधी हे पाहा

कापड कितीही उत्तम असो, टाका बिघडला की माल परत येतो. सोलापुरात गणवेशाच्या धंद्यात मी हे स्वतः भोगले आहे. एकदा एका कारागिराकडे नव्वद शर्ट शिवायला दिले होते. शिवणीच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फास लोंबत होते. खालचा दोरा ढिला असावा, असे समजून त्याने बॉबिन केसचा स्क्रू आवळला, मग आणखी आवळला. टाका सुधारला नाही, उलट दोरा तुटू लागला. सगळा माल उसवावा लागला. त्याची आठ दिवसांची मजुरी गेली आणि माझे गिऱ्हाईक गेले. खरा दोष वरच्या दोऱ्यात होता. फूट खाली असतानाच दोरा ओवल्यामुळे तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलाच नव्हता.

सिंगर, उषा यांसारखी जुनी काळी मशीन अजून हजारो घरांची रोजी चालवतात. लोखंड मजबूत आहे. बिघाड बहुधा सुई, दोरा आणि कचरा यांचाच असतो. म्हणून कारागीर बंधू-भगिनींनी पुढील क्रम पाळावा.

१) दोष ओळखा. वर एका रंगाचा व बॉबिनमध्ये दुसऱ्या रंगाचा दोरा घालून चिंधीवर शिवून पाहा. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या मध्ये बसली पाहिजे. खाली फास दिसले तर वरचा दोरा ढिला आहे. वर फास दिसले तर बहुधा खालचा दोरा ढिला किंवा वरचा फार घट्ट आहे.

२) दोरा पुन्हा ओवा. फूट वर उचलून ओवा. मग फूट खाली सोडून दोरा ओढून पाहा, हाताला ताण लागला पाहिजे. सुरुवातीला गुंता होत असेल तर दोन्ही दोऱ्यांची टोके फुटामागे धरून पहिले तीन-चार टाके घाला.

३) सुई बदला. टाका सुटण्याचे हे पहिले कारण. बोथट किंवा किंचित वाकलेली सुई डोळ्यांना दिसत नाही. काचेवर आडवी ठेवून पाहा. सुई पूर्ण वर सरकवून स्क्रू आवळा. सुईची लांब खाच ज्या बाजूला असेल, त्याच बाजूने दोरा ओवायचा. मलमलीला ११, पॉपलिन व शर्टिंगला १४, ड्रिलला १६ आणि जीन्सला १८ नंबरची सुई घ्या. होजिअरीवर साधी सुई टाके सोडते, तिथे गोल टोकाची सुई हवी. कडक कांजीच्या कोऱ्या कापडाने सुई लवकर चिकट होते, ती मधूनमधून पुसा.

४) सफाई करा. फूट वर उचलून टेन्शनच्या चकत्यांमधून दुमडलेले स्वच्छ कापड फिरवा. शटल काढून आतला कचरा ब्रशने झाडा. दात्यांमधला मळ काढा, नाहीतर कापड सरकत नाही आणि टाके एकावर एक पडतात. खोबरेल किंवा खाण्याचे तेल कधीही घालू नका. ते सुकून डिंकासारखे होते. मशीनचेच तेल वापरा.

५) टेन्शन शेवटी. आधी वरचे बटण थोडे फिरवून चिंधीवर पाहा. बॉबिन केस तपासायची असेल तर तिच्या दोऱ्याला धरून लटकवा. स्वतःच्या वजनाने ती खाली घसरू नये. हलका झटका दिला तर थोडी घसरावी. गरज पडलीच तर तिचा स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी फिरवा आणि आधी त्याची जागा खडूने नोंदवून ठेवा.

एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले तर दोष कशात होता ते कळत नाही.

एवढे करूनही टाका सुटत असेल, किंवा सुई टाचणीवर आदळून तुटल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर सुईचा दांडा सरकला असेल किंवा शटलचे टोक बोथट झाले असेल. ते काम मिस्त्रीचे. पण मिस्त्रीला बोलावण्याआधी एक नवी सुई लावून पाहा. तिची किंमत काही रुपये आहे, नव्वद शर्ट उसवण्याची किंमत मी मोजलेली आहे.