आरोग्याचे शिक्षण : ऐकणे आणि करणे

अतिसारात शरीरातील पाणी व क्षार निघून जातात, ते वेळीच भरून काढले तर बहुतेक रोगी वाचतात, हे वाक्य सातव्या इयत्तेतील कोणताही विद्यार्थी पाठ म्हणून दाखवील. परंतु घरी धाकट्या भावंडास ढाळ लागले असता किती पाण्यात किती मीठ घालावे, याविषयी तोच विद्यार्थी गोंधळून गेला तर त्या पाठांतराचा उपयोग काय? मीठ फार कमी पडले तर द्रावणाचा पुरेसा गुण येत नाही. अधिक पडले तर लहान मुलास अपायच होतो. वाक्य ठाऊक असणे हे ज्ञान होय. योग्य द्रावण हाताने तयार करता येणे हे कौशल्य होय. आरोग्यशिक्षणाचा खरा कस या दुसऱ्या गोष्टीत लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली शाळांतील जीवनकौशल्यांच्या शिक्षणाविषयी मांडणी केली. निर्णय घेणे, अडचण सोडविणे, चिकित्सक विचार करणे, आपले म्हणणे दुसऱ्यास पटवून देणे अशा दहा कौशल्यांचा तीत समावेश आहे. जलसंजीवनीचा, म्हणजेच मीठ-साखरेच्या द्रावणाचा, साधा पाठ नीट शिकविला तर यांपैकी कितीतरी कौशल्ये कशी अंगी बाणतात, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

द्रावणामागील शास्त्र

लहान आतड्याच्या अस्तरातून सोडियम आणि ग्लुकोज हे दोन पदार्थ जोडीने शोषले जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली मांडली. त्यांच्यामागोमाग पाणीही रक्तात ओढले जाते. पटकीसारख्या उग्र रोगातही शोषणाचा हा मार्ग बहुतांशी शाबूत राहतो. म्हणूनच नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी पुरेसे होत नाही. मीठ व साखर ही दोन्ही ठराविक प्रमाणात असावी लागतात.

१९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडाने पिण्याचे द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरले. ते पाजण्याचे काम बहुधा रोग्यांच्या नातलगांनीच केले. मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ३० वरून ४ पेक्षाही खाली आले. रोग्याच्या उशाशी बसलेले सामान्य माणूस हे काम करू शकते, हे या अनुभवाने सिद्ध झाले.

घरोघरी दिलेला धडा

मग हे काम लक्षावधी घरांत कसे पोहोचवावे? बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या काळात एक कोटी वीस लाखांहून अधिक घरी जाऊन मातांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे द्रावण करण्यास शिकविले. बहुसंख्य मातांना लिहितावाचता येत नव्हते. प्रत्येक मातेकडून तिच्याच घरी द्रावण करवून घेतले जाई. घरोघरची भांडी निरनिराळ्या मापांची, म्हणून ज्या त्या घरच्या भांड्यावरच पाण्याच्या मापाची खूण केली जाई. काही आठवड्यांनी दुसरा कार्यकर्ता येऊन मातेस काय आठवते ते विचारी आणि तिने केलेल्या द्रावणातील मिठाचे प्रमाण तपासले जाई. शिकविणारीचे वेतन या तपासणीच्या निकालावर अवलंबून असे. किती जणींना सांगितले याला महत्त्व नव्हते. किती जणींना जमले, याला होते.

भिन्न विद्यार्थी, एकच कौशल्य

भारतातील एखाद्या वर्गाकडे पाहिले असता हाच प्रश्न लहान रूपात समोर येतो. कोणाच्या घरी या विकारास जुलाब म्हणतात, कोणाच्या घरी हगवण, तर कोणाच्या घरी दस्त. कोणाचे आईबाप ऊसतोडीसाठी गाव सोडून गेलेले असतात, आणि मूल त्यांच्याबरोबर पालावर राहत असते. एखाद्यास दिसत नाही, तर एखाद्यास ऐकू येत नाही. अशा वर्गात सर्वांना एकाच शब्दांत एकदाच सांगून भागत नाही.

येथे शिक्षकाने दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट केलेले सहा लहान चमचे साखर आणि सपाट केलेला अर्धा लहान चमचा मीठ, हे प्रमाण कोणासाठीही बदलत नाही. येथे लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा. शब्द, भांडे व शिकविण्याची रीत मात्र विद्यार्थ्यागणिक बदलली पाहिजेत. विकाराची घरोघरची नावे प्रथम फळ्यावर लिहावीत. विद्यार्थ्यांनी घरचा चमचा आणि तांब्या आणावा. औषधाच्या मापाने चमचा आणि लिटरच्या बाटलीने तांब्या मोजून पाहावा आणि पाण्याच्या पातळीवर खूण करावी. न दिसणाऱ्या विद्यार्थ्यास चमचा बोटाने सपाट करता येतो. ऐकू न येणाऱ्यास कृती क्रमाने, न बोलता करून दाखविता येते. मुलगे व मुली दोघांनीही द्रावण करावे. रोग्याची शुश्रूषा हे एकट्या बहिणीचे काम नव्हे.

पाकीट मिळत असेल तर तेच वापरणे उत्तम. परंतु काही पाकिटे एक लिटर पाण्यासाठी असतात, तर काही २०० मिलिलिटरसाठी. पाकिटावरील भाषा परकी असली तरी आकडा वाचता येतो. तो शोधण्याचा सराव प्रत्येकाकडून करून घ्यावा. तयार द्रावण चाखून पाहावे. ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. लागल्यास टाकून द्यावे व पुन्हा करावे. चोवीस तासांनंतर उरलेले द्रावणही टाकून द्यावे.

पटवून देण्याचा सराव

एवढे जमले तरी एक अडचण उरते. ढाळ लागले असता पाणी देऊ नये, त्याने ढाळ वाढतात, अशी समजूत पुष्कळ घरांतून आढळते. ती बाळगणारी आजी नातवावर माया करणारीच असते. तिला अडाणी म्हणून काही साधत नाही. म्हणून वर्गात एका विद्यार्थ्याने आजी व्हावे आणि दुसऱ्याने तिच्याशी आदराने बोलावे : “आजी, जेवढे पाणी अंगातून गेले, तेवढे परत द्यायला नको का? तुम्हीच चमच्याचमच्याने पाजा.” हा संवाद ज्याने त्याने आपल्या घरच्या भाषेत करावा. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न चालू ठेवावे. शौचात रक्त पडू लागल्यास, मूल गुंगीत गेल्यास किंवा त्यास पिता येईनासे झाल्यास विलंब न लावता दवाखाना गाठावा, हेही त्यातच यावे.

परीक्षा कोणती?

या पाठाची परीक्षा उत्तरपत्रिकेवर घेता येत नाही. एक महिन्यानंतर, आगाऊ न सांगता, प्रत्येक विद्यार्थ्यापुढे पाणी, मीठ, साखर व चमचा ठेवावा आणि द्रावण करण्यास सांगावे. ज्याचे चुकेल त्यास कमी गुण देऊन थांबू नये. त्याच्याकडून ते पुन्हा करवून घ्यावे. कारण वर्गातील चूक सुधारता येते. मध्यरात्री, गावापासून दूर असलेल्या पालावर, तापलेल्या भावंडाजवळ झालेली चूक सुधारण्यास कोणी जवळ असेलच असे नाही.