जुनी लेन्स, नवा कॅमेरा आणि कापडाचा खरा रंग

कापडाच्या व्यापारात पूर्वी माल हाताने पाहिला जाई. गिऱ्हाईक गाळ्यावर येई, ताका उलगडला जाई, कापड बोटांत चोळून पाहिले जाई, दाराशी उजेडात नेऊन शेड पारखली जाई आणि मगच सौदा ठरे. आज पुष्कळसा माल फोटोवर विकला जातो. मालेगावची साडी किंवा भिवंडीचे कापड शेकडो मैलांवरच्या दुकानदाराने फक्त मोबाईलच्या पडद्यावर पाहिलेले असते. माल पोहोचल्यावर शेड वेगळी निघाली की तो परत येतो, दोन्हीकडचे भाडे आपल्या अंगावर पडते आणि पुढची ऑर्डर हातची जाते.

या तक्रारींत दोन कापडे नेहमी पुढे असतात, असे आम्हाला या धंद्यात दिसून आले आहे. एक बुरख्याचे काळे कापड आणि दुसरे एहरामचे पांढरे. फोटोत काळे कापड राखाडी दिसते आणि पांढरे मळकट. याचा दोष रंगाऱ्याचा नाही, विणकराचाही नाही. कॅमेरा उजेड कसा मोजतो हे फोटो काढणाऱ्याला ठाऊक नसते, हे त्याचे खरे कारण आहे. म्हणून हा विषय आम्ही व्यापारी व कारागीर बांधवांसमोर थोडा सविस्तर मांडत आहोत.

जुनी लेन्स कशासाठी?

आपल्या अनेक घरांत वडिलांच्या काळचा फिल्मचा कॅमेरा कपाटात पडून आहे. मुंबईच्या चोर बाजारातही असे कॅमेरे दिसतात. फिल्म वापरणे बहुतेकांनी सोडले, पण त्या कॅमेऱ्याची ५० किंवा ५८ मिलिमीटरची लेन्स अजून कामाची आहे. साधे अडॅप्टर लावले की ती आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसते. तिने टिपलेला धागा न् धागा स्पष्ट दिसतो आणि साडीचे काठ वाकडे होत नाहीत.

तिचा आणखी एक फायदा आहे. मोबाईल प्रत्येक फोटोला आपल्या मर्जीने उजेड व रंग बदलतो, त्यामुळे एकाच डिझाईनचे बारा रंग काढले तर बारा फोटो बारा तऱ्हेचे येतात. जुन्या लेन्सचे ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारे तोंड, हाताने कडे फिरवून लावायचे असते. जिथे लावले तिथेच ते राहते. शेडकार्डासाठी हीच गोष्ट हवी असते.

मीटरला कापड कळत नाही

कॅमेऱ्यातील मीटर समोरून परत येणारा उजेड मोजतो. समोर काय आहे हे त्याला माहीत नसते. समोरची वस्तू मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारी आहे, असे तो धरून चालतो. म्हणून काळे कापड समोर आले की त्याला वाटते उजेड कमी आहे. तो उजेड वाढवतो आणि काळे कापड राखाडी होते. पांढरे कापड आले की त्याला उजेड जास्त वाटतो. तो उजेड कमी करतो आणि पांढरे कापडही राखाडीकडे झुकते.

उदाहरण घेऊ. समजा खिडकीजवळच्या उजेडात आयएसओ २०० आणि ॲपर्चर एफ ८ ठेवले आहे. मध्यम राखाडी कार्डावर मीटर शटरचा वेग १/१५ सेकंद सांगतो. त्याच जागी त्याच उजेडात बुरख्याचे काळे कापड ठेवले तर तोच मीटर १/४ सेकंद सांगेल, आणि एहरामचे पांढरे कापड ठेवले तर १/६० सांगेल. उजेड तर काडीचाही बदललेला नाही. तिन्ही कापडांना योग्य माप एकच आहे, ते म्हणजे कार्डावर मिळालेले १/१५. काळ्याला १/४ दिले तर चौपट उजेड जास्त पडतो, पांढऱ्याला १/६० दिले तर फक्त चौथा हिस्सा मिळतो. तक्रारींचे मूळ इथे आहे.

ॲपर्चरचे आकडे

जुन्या लेन्सच्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे असतात. एकेक आकडा पुढे गेले की आत येणारा उजेड निम्मा होतो. या एका पायरीला स्टॉप म्हणतात. आकडा जितका मोठा तितके तोंड लहान, हे नवशिक्याला उलटे वाटते, पण चार दिवसांत सवय होते. कापडासाठी एफ ५.६ किंवा एफ ८ उत्तम. पूर्ण उघड्या तोंडाने जुनी लेन्स कडेला मऊ दिसते आणि काठाची जर नीट उठत नाही.

नवीन लेन्स फोटो काढताना आपोआप तोंड मिटते. अडॅप्टरवरच्या जुन्या लेन्सला कॅमेऱ्याचा हुकूम पोहोचत नाही. म्हणून उजेड मोजण्यापूर्वी तोंड हाताने मिटून ठेवावे लागते. ही रीत नवी नाही. १९६४ साली आलेल्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिक या फिल्म कॅमेऱ्यातही हेच करावे लागे. आधी खटका दाबून तोंड मिटायचे, मग लेन्समधून आलेला उजेड मीटरवर पाहायचा. आपण डिजिटल कॅमेऱ्यावर तेच करणार आहोत.

क्रम असा ठेवावा. तोंड पूर्ण उघडून फोकस नीट करावा. मग कडे फिरवून एफ ८ वर आणावे. त्यानंतरच मीटर पाहावा. आट्यांच्या जुन्या लेन्सपैकी अनेकांवर ए आणि एम असा खटका असतो. साध्या अडॅप्टरवर तो एम वर असला पाहिजे. ए वर राहिला तर कडे एफ ८ दाखवते, पण तोंड उघडेच राहते.

आपला कॅमेरा कोणता?

सगळे कॅमेरे जुन्या लेन्सशी सारखे वागत नाहीत. लेन्स घेण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

१) आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे : हे सर्वांत सोयीचे. मेनूमध्ये लेन्स नसतानाही शटर चालू ठेवण्याची सोय असते, ती सुरू करावी. मिटलेल्या तोंडातून आलेला उजेड सेन्सरच मोजतो, म्हणून माप बरोबर येते.

२) कॅनन ईओएस डीएसएलआर : आट्यांची लेन्स अडॅप्टरने बसते. ॲपर्चरच्या जागी ०० दिसते, त्याला घाबरू नये. मीटर चालतो. मात्र तोंड फार मिटले की डोळा लावून पाहण्याच्या खिडकीतून घेतलेले माप काही कॅमेऱ्यांत चुकते. लाईव्ह व्ह्यू सुरू करून पडद्यावरून मोजले तर माप जास्त भरवशाचे असते.

३) निकॉन डीएसएलआर : डी३००० आणि डी५००० या मालिकांत निकॉनची जुनी मॅन्युअल लेन्स लावली की मीटर बंद होतो. मॅन्युअलवर फोटो निघतो, माप मात्र आपल्याला काढावे लागते. डी७०००, डी७१००, डी७२०० यांत मेनूमध्ये लेन्सची फोकल लांबी आणि सर्वांत मोठे ॲपर्चर भरले की मीटर चालतो. पण १९७७ पूर्वीच्या, बदल न केलेल्या निकॉन लेन्स या कॅमेऱ्यांवर जबरदस्तीने बसवू नयेत. कॅमेऱ्याच्या कड्यावरची बारीक पट्टी मोडू शकते. आट्यांची लेन्स निकॉनवर काच नसलेल्या अडॅप्टरने लावली तर दूरचे फोकस होत नाही. टेबलावरच्या कापडाला त्याची अडचण येत नाही.

४) पेंटॅक्स डीएसएलआर : याच कंपनीच्या जुन्या लेन्ससाठी मेनूमध्ये ॲपर्चरचे कडे वापरण्याची परवानगी द्यावी. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून हिरवे बटण दाबले की तो क्षणभर तोंड मिटून उजेड मोजतो आणि शटरचा वेग स्वतः लावतो.

प्रत्यक्ष काम

उत्तरेकडची खिडकी सर्वांत चांगली, कारण थेट ऊन येत नाही. कॅमेरा तिपाईवर बसवावा. खोलीतले दिवे बंद करावेत, कारण खिडकीचा आणि दिव्याचा उजेड मिसळला की रंग बिघडतो. दिव्यावरच काम करायचे असेल तर सगळे दिवे एकाच जातीचे ठेवावेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण फोटोत काळे पट्टे येतात. म्हणून शटर १/५० किंवा १/२५ ठेवावे.

आता कापड ठेवायच्या जागी १८ टक्क्यांचे राखाडी कार्ड ठेवावे. फोटोच्या सामानाच्या दुकानात ते मिळते. कार्डाने चौकट भरेल इतके जवळ जावे, आपली सावली पडू देऊ नये आणि माप घ्यावे. कार्ड नसेल तर आपला तळहात चालतो, फक्त तो कार्डापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. म्हणून तळहातावरच्या मापाला एक स्टॉप उजेड वाढवून द्यावा.

मिळालेले माप मॅन्युअलवर पक्के करावे. आयएसओ आपोआप बदलणारी सोय बंद करावी, नाहीतर सारी मेहनत वाया जाते. त्याच कार्डावरून व्हाईट बॅलन्सही ठरवून टाकावा. मग काळे कापड, कार्ड आणि पांढरे कापड शेजारी शेजारी ठेवून एक फोटो काढावा आणि कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम पाहावा. काळ्याचा ढीग डावीकडे आणि पांढऱ्याचा उजवीकडे यायला हवा, पण कोणताही भिंतीला चिकटता कामा नये. पांढरा उजव्या भिंतीला चिकटला तर त्या कापडाची वीण कायमची गेली, ती नंतर परत आणता येत नाही. अशा वेळी अर्धा स्टॉप उजेड कमी करावा.

एवढे झाले की चाळीस नग काढा, बटणाला हात लावू नका. समोर काळे येवो की पांढरे, मीटर काहीही सांगो, आपले माप तेच. ढग आले किंवा दिवस कलला तर मात्र कार्ड पुन्हा ठेवून नवे माप घ्यावे. वीण दाखवण्यासाठी जोड नळी लावून फार जवळ गेलात तरीही पुन्हा मोजावे. वस्तू सेन्सरवर जशीच्या तशी मापाची उतरते इतक्या जवळ गेले की दोन स्टॉप उजेड घटतो.

रेशीम आणि सूत मिळून विणलेला हिमरू किंवा जरीचा पदर चकाकतो. ती चकाकी मीटरलाही फसवते आणि डोळ्यालाही. तिथे माप न बदलता दिवा किंवा कापड थोडे बाजूला फिरवावे, म्हणजे बुट्टी उठून दिसते.

लेन्स घेताना

किनाऱ्यावरच्या दमट हवेत लेन्समध्ये बुरशी धरते. मागून उजेड दाखवून कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसते का पाहावे. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नको, कडे खटखट फिरले पाहिजे. जुन्या टाकुमारसारख्या काही लेन्समध्ये थोरियमयुक्त काच वापरलेली असे आणि ती काळाने पिवळी पडते. अशा लेन्सने एहरामचे कापड पिवळसर दिसेल. व्हाईट बॅलन्स कार्डावरून घेतला तर तो दोष बराचसा जातो. जुन्या लेन्सवर बाजूचा उजेड पडला की काळे फिके होते, म्हणून पुढे हूड अवश्य लावावे.

दाखवतो तसाच माल

हे सगळे कशासाठी, असे काही बांधव विचारतील. फोटो थोडा उजळ केला तर माल खपतो, हे खरे आहे. उजळ फोटोत विरळ वीण लपते, रंगाचे डाग लपतात. पण धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा वर काढणारी हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ओला दाणा खाली आणि कोरडा वर ठेवणे, आणि फोटोत विरळ कापड दाट दाखवणे, यात आम्हाला फरक दिसत नाही. ऐब असेल तर त्याचाही एक फोटो त्याच मापाने काढून पाठवावा. अशा दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

शेवटी दोन गोष्टी. गिऱ्हाईकाच्या मोबाईलचा पडदा आपल्या हातात नाही, म्हणून मोठ्या ऑर्डरला फोटोबरोबर कापडाचा तुकडा पाठवावाच. आणि दुकानात काम करणाऱ्या मुलांना हे मोजमाप शिकवावे. आपल्या खिडकीजवळचे सकाळचे, दुपारचे माप एका वहीत लिहून ठेवले तर महिन्याभरात ती वही मीटरच्या बरोबरीने उपयोगी पडू लागेल.