हात शाबूत होते, नजर गेली होती

गाडी चालवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. पहिली आठ वर्षं काळीपिवळीवर, मूल-सावली-गडचिरोली. त्यानंतर भाड्याची बोलेरो. चंद्रपूरपासून सिरोंच्यापर्यंत, धानोऱ्याच्या पुढे मुरूमगावपर्यंत, पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहायला लागायच्या आत भामरागडहून परतायचं, हे सगळं केलं. एवढ्या वर्षांत गाडीला मोठा धक्का लागू दिला नव्हता. लोक माझं नाव सांगून गाडी बोलवत, आणि मलाही वाटायचं की गाडी चालवता चालवता फोनवर बोलणं नवशिक्यांना जमणार नाही, आपल्याला जमतं.

2018 चा नोव्हेंबर होता. मूलहून चंद्रपूरला एकटाच निघालो होतो. जानाळा मागे पडलं, दिवस मावळला होता, पण अगदी अंधार नव्हता. कानात ब्लूटूथ, दोन्ही हात स्टेअरिंगवर. मेव्हण्याचा फोन आला. खरेदी केंद्रावर बारदाना संपला होता, धान अंगणात उघडं पडलं होतं आणि आभाळ भरून आलं होतं. किती कट्टे झाले, किती बाकी, ताडपत्री कोणाकडे मिळेल, असं आमचं चाललं होतं. गाडी पन्नासच्या आसपास होती. रस्ता सरळ, समोरून वाहन नाही. मी समोरच बघत होतो.

आधी आवाज आला. ब्रेक त्यानंतर लागला.

साठीचे एक गृहस्थ सायकलवर सरपणाची मोळी बांधून डाव्या कडेने, माझ्याच दिशेने जात होते. बंपरची डावी बाजू मोळीला लागली आणि ते सायकलसकट कडेच्या नालीत पडले. मांडीचं हाड मोडलं. मी त्यांचं डोकं हातावर घेऊन बसलो होतो तेव्हा त्यांनी विचारलं, “मी तुमाले दिसलो नाई का जी?”

निदान दीडशे मीटर आधीपासून ते माझ्यासमोर होते. मोळी सायकलच्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली. न दिसण्यासारखं त्यात काही नव्हतं. माझे डोळे त्यांच्यावरून गेले असणारच, पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे अंगणातली धानाची रास होती. मी कट्टे मोजत होतो. आजही आठवून बघतो, तर जानाळ्यापासून त्या आवाजापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. ताडपत्री मात्र आठवते. निळी होती, एका कोपऱ्याला फाटलेली, असं मेव्हणा सांगत होता.

पुढे कितीतरी महिने मी ह्याचाच विचार करत होतो. मिळेल ते वाचलं, जाणत्या माणसांना विचारलं. अमेरिकेत युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी 2001 मध्ये विल्यम जॉन्स्टन यांच्याबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. फोनवर बोलणाऱ्यांकडून सिग्नल चुकण्याचं प्रमाण दुपटीच्या वर गेलं, आणि फोन हातात असो की नसो, फरक पडला नाही. नंतरच्या प्रयोगात त्यांनी लोकांची नजर कुठे जाते ते यंत्राने टिपलं. रस्त्याकडेच्या फलकांवर नजर जाऊन थांबली होती, तरी फोनवर बोलणाऱ्यांना ते फलक नीट आठवले नाहीत. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसलो. सायकलवाल्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं.

मग मी स्वतःला विचारलं की हे सगळ्यांना लागू असेल, पण मुरलेल्या ड्रायव्हरला? त्याच विद्यापीठातल्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोनशे माणसांना तपासलं. गाडी आणि फोन दोन्ही एकदम, काहीही न बिघडता सांभाळणारे पाच निघाले. शेकड्याला अडीच. 2013 मध्ये तिथल्याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. गाडी चालवताना जे जास्त फोन वापरतात त्यांना ही दोन कामं एकदम करणं इतरांपेक्षा कमी जमतं, आणि त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज मात्र मोठा असतो. आपण त्या पाचांतलेच, असं मी वीस वर्षं धरून चाललो होतो.

अनुभवी माणसाचं नेमकं काय बिघडतं, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. गिअर, क्लच, वळण हे हातापायांत बसलेलं असतं. फोनवर बोलताना ते बिघडत नाही, म्हणूनच आपण फसतो. आपल्या भागात ड्रायव्हरचं खरं कसब दुसरंच आहे. एक चितळ रस्ता ओलांडून गेलं की मागे आणखी असणार, म्हणून पाय आधीच ब्रेकवर जातो. गवतात डोळ्यांचे दोन हिरवे ठिपके चमकले की ते किती उंचीवर आहेत ते बघायचं. बारक्या पोराच्या हातात काठी दिसली की वळणापलीकडे ढोरं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाच्या झाडाखाली टोपल्या दिसल्या की बायामाणसं रस्त्याला पाठ करून वाकलेली असणार, आणि मोहाला अस्वलही येतं. हे वाचायला वर्षं लागतात, आणि फोन आधी हेच काढून घेतो. नवशिक्याकडे ही नजर नसतेच, म्हणून तो घाबरून हळू चालवतो. माझ्याकडची गेली होती, वेग मात्र अनुभवी माणसाचाच राहिला.

आता आपल्या जंगलातल्या रेंजबद्दल. हे मुंबई-पुण्याच्या माणसाला कळणार नाही, पण आष्टीहून आलापल्लीला किंवा एटापल्लीकडे जाणाऱ्याला लगेच कळेल. जंगलात रेंज तुटते. तुटताना आवाज अडखळतो, आपण “हॅलो, हॅलो” करत कान ताणतो आणि सगळं लक्ष कानात जातं. गाडी मात्र झाडीतून चाललेली असते. पुढे टॉवर लागतो आणि तासाभराचे मेसेज एकदम येऊन पडतात. टॉवर असतो गावाशी. म्हणजे जिथे शाळेची पोरं, शेळ्या, हातपंपावरच्या बाया आणि नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर वाळत घातलेलं धान, तिथेच फोन टिंग टिंग वाजायला लागतो. तासभर कोरडा गेलेला माणूस तेव्हा हात आवरत नाही. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. तीन सेकंद पडद्याकडे बघितलं तर 50 मीटर रस्ता न बघता गेला. मी नव्या पोरांना हेच सांगतो: रेंज आली की वेग कमी करायचा, फोनकडे हात न्यायचा नाही.

फोनसारखंच खर्ऱ्याबद्दल, म्हणजे पन्नीतल्या सुपारी-तंबाखूबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्याकडे ते कोणी बोलत नाही. पन्नी दातांत धरून सोडायची, मांडीवर घोटायचा, तेवढा वेळ गुडघ्याने स्टेअरिंग धरायचं. मी हे वर्षानुवर्षं केलंय आणि शेजारी बसलेल्या सवारीने कधी हटकलं नाही. हटका. भाडं तुम्ही देता.

काही जण विचारतात, मग शेजारच्याशी बोलणंही बंद करायचं का? नाही. शेजारचा माणूस तोच रस्ता बघत असतो. रोही आडवी आली की त्याचं वाक्य आपोआप तुटतं, उलट तोच आधी “अरे!” म्हणतो. फोनवरच्या माणसाला तुमच्यापुढे काय आलं ते कळत नाही, तो बोलतच राहतो.

“गाडी बाजूला घेऊन बोला” हा सल्ला आपल्या रस्त्यांवर तसाच्या तसा चालत नाही. चिचपल्ली ते लोहारा या पट्ट्यात संध्याकाळी गाडी कडेला लावून खाली उतरणं शहाणपणाचं नाही, तिथे वाघाचा वावर आहे. म्हणून जंगल लागायच्या आधीच बोलून घ्यायचं. मी आता मूलच्या बसस्टँडजवळ थांबतो, घरी आणि मालकाला कळवतो की पुढचा तास फोन उचलणार नाही. मग फोनचा आवाज बंद करून तो समोरच्या खणात टाकतो. खिशात नाही, मांडीवर नाही. खिशात थरथरला तरी मन तिकडे जातं. सोबत कोणी असेल तर फोन त्याच्या हातात. रस्ता माहीत नसेल तर नकाशा निघण्याआधी लावून घ्यायचा.

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 प्रमाणे हातात फोन धरून गाडी चालवणं हे धोकादायक वाहन चालवणं ठरतं. दंड आहे, कैदही होऊ शकते. पण त्यात उल्लेख हातातल्या उपकरणाचा आहे. माझ्या हातात त्या दिवशी काही नव्हतं.

कोणाला लागलंच तर पळू नका. 108 ला फोन करा, 112 ला करा. रेंज नसेल तर येणारी गाडी हात दाखवून थांबवा आणि तिच्याकडून पुढच्या गावात निरोप पाठवा. मदत करताना काही चुकून जखमीचं बरंवाईट झालं तरी मदत करणाऱ्यावर त्याची जबाबदारी येत नाही, कलम 134 अ त्यासाठीच आहे. हे थांबायला घाबरणाऱ्या गाडीवाल्याला सांगा. जनावराला धडक बसली तर उतरून जवळ जाऊ नका, वनखात्याच्या 1926 वर कळवा.

बाबांच्या मांडीत सळई आहे. चालतात, सायकल चालवत नाहीत. सरपण सून आणते.

आणि घरी बसून फोन लावणाऱ्यांनो, तुमच्याशीही बोलायचं आहे. माणसाने फोन उचलला की आधी “गाडीवर आहेस का?” एवढंच विचारा. “हो” म्हणाला तर ठेवून द्या, धान भिजत असलं तरी. माझा मेव्हणा त्या संध्याकाळी शेवटपर्यंत लाइनवर होता. धडक, ब्रेक, मग नालीतून येणारं कण्हणं, सगळं त्याने आपल्या अंगणात उभं राहून ऐकलं. पुढे पोळ्यापर्यंत त्याने मला एकदाही फोन केला नाही. काही काम असलं की चाळीस किलोमीटर मोटारसायकलवर येऊन दारात उभा राहायचा.